९३० खोक्यांची इमारत: ब्रुकलिनच्या ४६१ डीन स्ट्रीटचे प्रकरण

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, फ्लॅटबुश अव्हेन्यू आणि डीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ३२ मजल्यांची एक इमारत आहे. ३६३ घरे, सगळी भाड्याची. शेजारी बार्कलेज सेंटर हे बास्केटबॉलचे स्टेडियम. रस्त्याने जाणाऱ्याला ती आजूबाजूच्या इमारतींसारखीच वाटते. पण तिच्यातली घरे जागेवर बांधलेली नाहीत. दोन-तीन किलोमीटरवरच्या कारखान्यात ती खोलीखोलीने तयार झाली, ९३० पोलादी खोक्यांच्या रूपात ट्रेलरवरून आली आणि क्रेनने एकावर एक बसवली गेली. भूमिपूजन डिसेंबर २०१२ मध्ये झाले, इमारत २०१४ मध्ये पूर्ण व्हायची होती, आणि भाडेकरू आले २०१६च्या अखेरीस. दरम्यान बांधणारे दोन भागीदार एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले आणि कारखाना काही महिने बंदही पडला.

असे कारखान्यातल्या पेट्यांचे, म्हणजे मॉड्युलर, घर विकणारा कोणीही तीन गोष्टी सांगतो: स्वस्त पडते, लवकर होते, काम चोख होते. या तिन्ही दाव्यांची एकाच ठिकाणी, खऱ्या पैशांवर आणि कोर्टाच्या कागदांवर परीक्षा झाली अशी प्रकरणे फार सापडत नाहीत. इथे आणखी एक सोय आहे. याच प्रकल्पातल्या पुढच्या इमारती नेहमीच्या पद्धतीने बांधल्या गेल्या, त्यामुळे तुलनेसाठी लांब जावे लागत नाही.

कारखाना काढण्याची गरज का पडली

प्रकल्पाचे मूळ नाव अटलांटिक यार्ड्स. विकासक ब्रूस रॅटनर यांच्या फॉरेस्ट सिटी रॅटनर कंपनीने तो डिसेंबर २००३ मध्ये जाहीर केला. लाँग आयलंड रेल्वेचे यार्ड आणि आसपासची जमीन धरून सुमारे २२ एकर, आराखडा वास्तुविशारद फ्रँक गेरींचा, एक स्टेडियम आणि भोवती टॉवर. एकूण ६,४३० घरे, त्यांपैकी २,२५० परवडणाऱ्या भाड्याची. स्थानिकांचा विरोध झाला, भूसंपादनावरून खटले चालले, आणि ते निस्तरेपर्यंत २००८ची मंदी येऊन ठेपली. खर्च कमी करण्यासाठी गेरींना बाजूला व्हावे लागले. स्टेडियम २०१२च्या सप्टेंबरात सुरू झाले, पण घर एकही नव्हते. स्टेडियम झाले, घरे कुठे आहेत, हा प्रश्न ब्रुकलिनमध्ये उघडपणे विचारला जात होता.

न्यूयॉर्कमध्ये उंच इमारत बांधणे महाग आहे, आणि त्यात मजुरीचा वाटा मोठा. साईटवरचा युनियनचा प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार यांचे तासाचे दर आपल्याकडच्या कंत्राटदाराला ऐकवणार नाहीत. परवडणारी घरे द्यायची, बँकेचे गणितही जुळवायचे, तर खर्च कुठून तरी कमी व्हायला हवा. रॅटनर यांनी उत्तर काढले ते कारखान्याचे. युनियनशी करार झाला: कामगार युनियनचेच असतील, पण साईटपेक्षा कमी दराने, बदल्यात छपराखाली, वर्षभर सलग काम. शिवाय कारखान्यात एक माणूस एकाहून जास्त प्रकारची कामे करू शकेल. ही शेवटची अट शहरातल्या प्लंबिंग कंत्राटदारांना झोंबली. परवानाधारक प्लंबर नसताना कारखान्यात नळकाम कसे चालते, असे म्हणत त्यांच्या संघटना महापालिकेच्या इमारत विभागाविरुद्ध कोर्टात गेल्या. मॉड्युलर बांधकामाचा हा भाग माहितीपत्रकात कधी नसतो. बचत नुसत्या तंत्रातून येत नाही. कोणाच्या तरी मजुरीतून आणि कोणाच्या तरी धंद्यातूनही ती येते.

कारखाना उभा राहिला तो ब्रुकलिन नेव्ही यार्डमध्ये, म्हणजे जिथे एकेकाळी ‘मिसूरी’ ही युद्धनौका बांधली गेली त्या जुन्या नाविक गोदीत. जागा सुमारे एक लाख चौरस फूट. भागीदार होती स्कान्स्का, स्वीडनमध्ये मूळ असलेली जगड्व्याळ बांधकाम कंपनी. वास्तुरचना शॉप आर्किटेक्ट्सची, संरचनेचा हिशेब अरुप या अभियांत्रिकी कंपनीचा. इमारत बांधून देण्याचे कंत्राट ११.७ कोटी डॉलरचे, ठरीव रकमेचे. बचत वीसेक टक्के होईल अशी अपेक्षा होती. रॅटनर यांचा डोळा मात्र एका इमारतीवर नव्हता. ही पद्धत बसली की पुढचे टॉवरही याच कारखान्यातून काढायचे, असा बेत होता.

खोक्यात घर कसे मावते

‘मॉड्युलर’ हा शब्द आपल्याकडे आधी स्वयंपाकघराच्या ओट्याला चिकटला, त्यामुळे घराच्या बाबतीत त्याचा नेमका अर्थ सांगणे बरे. मॉड्युलर घर म्हणजे सहा बाजूंनी पूर्ण असलेली पेटी: जमीन, छत, भिंती, त्यांत वायरिंग, नळ, खिडक्या, फरशी, कधी स्वयंपाकघराचे कपाटही. ही पेटी साईटवर आणून दुसऱ्या पेटीला जोडतात. ४६१ डीनमध्ये ३६३ घरांना ९३० पेट्या, म्हणजे एका घराला सरासरी अडीच. बाहेरचा दर्शनी भागसुद्धा कारखान्यातच चढवला होता, जेणेकरून साईटवर परांची बांधायला नको.

पेट्या नुसत्या रचल्या तर वजन पेलतील, पण वाऱ्याचा आडवा जोर सोसणार नाहीत. त्यासाठी पोलादी कैच्यांच्या चौकटी साईटवर वेगळ्या उभ्या केल्या होत्या. म्हणजे एवढ्या उंचीच्या इमारतीत ‘सगळे कारखान्यात’ असे काही नसते. पाया, तळमजला, कैच्या, लिफ्ट, पेट्यांमधले सांधे, छत, वरखाली जाणाऱ्या पाइपांची जोडणी, हे सगळे साईटवरच होते. विक्रेता कारखान्यातले दिवस सांगतो. घर घेणाऱ्याने साईटवरचे दिवसही विचारावेत.

मॉड्युलर पद्धतीत दोन खोल्यांमध्ये एक भिंत नसते, दोन असतात. प्रत्येक पेटीची स्वतःची. तसेच खालच्या पेटीचे छत आणि वरच्या पेटीची जमीन वेगवेगळी. याचा फायदा असा की शेजारच्या घरातला आवाज कमी येतो. तोटा असा की भिंतींत आणि मजल्यांत जागा जाते, आणि पोलाद जास्त लागते. एकाच उंचीत नेहमीच्या इमारतीत जेवढे मजले बसतात तेवढे कधी कधी इथे बसत नाहीत. मुंबईसारख्या, इंचाइंचाचे पैसे होणाऱ्या शहरात हा तोटा छोटा नाही.

सुताचा हिशेब

पहिली पेटी डिसेंबर २०१३ मध्ये बसली. ऑगस्ट २०१४ पर्यंत, म्हणजे इमारत पूर्ण होण्याची मुदत आली तेव्हा, दहा मजले झाले होते. मग स्कान्स्काने कारखाना थांबवला, दीडशेच्या आसपास कामगार घरी बसले, आणि सप्टेंबरात दोन्ही भागीदारांनी एकमेकांवर दावे ठोकले.

झाले काय होते, ते समजायला आपल्या गवंड्याची भाषा उपयोगी पडते. गवंडी भिंत चढवताना ओळंबा धरतो आणि एखादे सूत इकडेतिकडे झाले तर पुढच्या थरात सावरून घेतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीनेक मिलिमीटर. साईटवरच्या बांधकामाची सगळी मदार या सावरून घेण्यावर असते: प्लास्टर जाड करा, फरशीखाली माल कमी-जास्त घाला, चौकट ठोकून बसवा. पेटी बंद होऊन आली की सावरायला जागा उरत नाही. दर पेटी एकाच दिशेला एक सूत सरकली असे समजा, तर तीस मजल्यांवर तीस सूत, म्हणजे पावणेचार इंच. खालच्या मजल्यावरचा पाइप आणि वरच्या मजल्यावरचा पाइप यांत पावणेचार इंचांची तफावत असेल तर तो कोणत्याही कोपराने जुळत नाही. प्रत्यक्षात चुका दोन्ही दिशांना होतात आणि काही परस्पर फिटतात, शिवाय मजल्यागणिक दुरुस्ती करता येते. पण त्या दुरुस्तीला वेळ लागतो, आणि वेळ वाचवण्यासाठीच तर कारखाना काढलेला.

त्यात ९३० पेट्या एकाच साच्यातल्या नव्हत्या. सुमारे २२५ प्रकार होते. स्टेडियमला चिकटून असलेला कोपऱ्याचा अडचणीचा प्लॉट, मागेपुढे जाणारा दर्शनी भाग, स्टुडिओपासून दोन बेडरूमपर्यंत घरांचे आकार. या सगळ्यामुळे सरासरी एका प्रकाराच्या चारच पेट्या निघाल्या. माझ्या मते या प्रकरणाचे सगळे गाडे इथे अडते. कारखान्याची बचत पुनरावृत्तीतून होते. शंभरावी पेटी पहिलीपेक्षा स्वस्त होते, कारण मधल्या नव्व्याण्णवांत हात बसलेला असतो. दर चार पेट्यांनी नकाशा बदलत असेल तर कारखाना म्हणजे छप्पर असलेली साईटच, वर ट्रेलरचे भाडे. ज्या रचनेने इमारत देखणी झाली, त्याच रचनेने तिचे अर्थकारण बिघडवले, असे म्हणायला हरकत नाही. (देखणी ती खरोखरच आहे. मॉड्युलर म्हटले की डोळ्यांपुढे येणारा पोर्टा केबिनचा अवतार इथे कुठेही नाही.)

तिसरे संकट पाण्याचे. नेहमीच्या इमारतीत आधी सांगाडा, मग बाहेरची भिंत आणि वॉटरप्रूफिंग, आणि सगळ्यात शेवटी आतले जिप्सम बोर्ड, फरशी, रंग. पाऊस पडला तर काँक्रीट भिजते, आणि काँक्रीटचे काही बिघडत नाही. मॉड्युलरमध्ये क्रम उलटा होतो. आतले सगळे तयार, आणि ते उघड्यावर रचले जाते, वरचा मजला बसेपर्यंत ताडपत्रीच्या भरवशावर. २०१५ मध्ये बाहेर आलेल्या प्रकल्पाच्या कागदपत्रांतून दिसले की सांध्यांतून पाणी आत शिरले होते आणि तयार झालेल्या खोल्यांतले बोर्ड काढून काम पुन्हा करावे लागत होते. कारखान्यात एकदा आणि साईटवर दुसऱ्यांदा, असे एकाच भिंतीचे पैसे दोनदा.

चूक कोणाची

स्कान्स्काचे म्हणणे असे की फॉरेस्ट सिटीने दिलेली रचनाच सदोष होती, ठरलेल्या ११.७ कोटी डॉलरवर आणखी सुमारे पाच कोटी लागणार, आणि ते रचना देणाऱ्याने भरावेत. फॉरेस्ट सिटीचे म्हणणे असे की रचना उत्तम आहे, कारखाना चालवायला भागीदाराला जमले नाही, आणि आता तोटा अंगावर येऊ नये म्हणून कारणे काढली जात आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये फॉरेस्ट सिटीने कारखान्यातला स्कान्स्काचा हिस्सा विकत घेतला, जानेवारी २०१५ मध्ये काम पुन्हा सुरू केले आणि त्याच पद्धतीने, त्याच पेट्यांनी इमारत पुरी केली. शेवटचा मजला मे २०१६ मध्ये चढला.

इमारत त्याच रचनेने उभी राहिली, तेव्हा ‘रचना अशक्यप्राय होती’ हा दावा टिकत नाही. पण ठरल्या वेळेत आणि ठरल्या पैशांत ती उभी राहिली नाही, हेही तितकेच उघड आहे. मला दोघांच्या भांडणापेक्षा कंत्राटाचा प्रकार जास्त बोलका वाटतो. तोवरच्या मॉड्युलर इमारतींत उंच म्हणजे इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनचे पंचविसेक मजल्यांचे विद्यार्थी वसतिगृह, २००९चे, एकसारख्या छोट्या खोल्यांचे. तिथून एकदम ३२ मजले, वेगवेगळ्या आकारांची कुटुंबाची घरे, नवा कारखाना, नवे कामगार. म्हणजे हा सरळसरळ प्रयोग होता. प्रयोगाला ठरीव रकमेचे कंत्राट करणे म्हणजे चूक होणार नाही असे गृहीत धरणे. चूक झाली, आणि तिचे बिल कोणाच्या नावावर लिहायचे हे कंत्राटात स्वच्छ नव्हते. साईटवर अशी चूक होते तेव्हा आर्किटेक्ट, ठेकेदार आणि सुपरवायझर एकत्र उभे राहून तोडगा काढतात, थोडे नुकसान ज्याचे त्याचे. कारखान्यात तीच चूक शंभर पेट्यांत जाऊन बसते आणि मग तोडगा वकील काढतात.

शेजारच्या इमारतींशी तुलना

२०१४ मध्ये ग्रीनलँड या चिनी कंपनीने उरलेल्या प्रकल्पात ७० टक्के भाग घेतला आणि नाव बदलून पॅसिफिक पार्क झाले. त्याच वर्षी डिसेंबरात ५३५ कार्लटन आणि ५५० व्हँडरबिल्ट या दोन इमारतींचे काम सुरू झाले, नेहमीच्या पद्धतीने, काँक्रीट जागेवर ओतून. ५३५ कार्लटनमध्ये १८ मजले आणि २९८ घरे, सगळी परवडणाऱ्या भाड्याची. ५५० व्हँडरबिल्टमध्ये विक्रीची २७८. दोन्ही २०१७ मध्ये राहती झाली. म्हणजे अडीच वर्षांच्या आत-बाहेर. मॉड्युलर इमारतीला जवळपास चार. मजले १८ विरुद्ध ३२, त्यामुळे थेट गुणोत्तर काढणे रास्त नाही, आणि चारपैकी काही महिने निव्वळ भांडणात गेले. तरी जे तंत्र निम्म्या वेळात घर देणार होते ते मागे राहिले, आणि पुढच्या टॉवरांसाठी कारखान्याचा विचार झाला नाही. २०१६ मध्ये कारखान्याचा धंदा फुल स्टॅक मॉड्युलर या नव्या कंपनीकडे गेला, तिथल्याच एका अधिकाऱ्याने स्थापलेल्या.

एक गोष्ट विसरली जाते. मॉड्युलरची स्पर्धा कल्पनेतल्या रखडलेल्या साईटशी नसते, त्या गावातल्या सर्वोत्तम ठेकेदाराशी असते. न्यूयॉर्कचे काँक्रीटवाले दोन-तीन दिवसांत एक स्लॅब टाकण्यासाठी प्रसिद्ध आहेत. स्लॅब म्हणजे घर नव्हे, पुढे फिनिशिंगला महिने लागतात, हे खरे. पण सांगाडा इतक्या वेगाने चढत असेल तर पेट्यांनी वाचवायचे ते काय, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे हाच प्रश्न मायवान शटरिंगच्या संदर्भात विचारायला हवा. मुंबई-पुण्यात ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतून आठवडा-दहा दिवसांत मजला चढतो. मॉड्युलरची तुलना विटांच्या भिंतीशी केली तर ते जिंकेल. मायवानशी करून पाहा.

राहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र चित्र वेगळे आहे. निम्मी घरे परवडणाऱ्या भाड्याची होती. त्या १८१ घरांसाठी सोडत काढली तेव्हा ऐंशी हजारांच्या वर अर्ज आले. म्हाडाच्या सोडतीचे आकडे पाहणाऱ्याला यात आश्चर्य वाटू नये. घर पेटीत बनले की जागेवर, हे अर्ज भरणाऱ्यांपैकी कोणी विचारले असेल असे वाटत नाही. घर हवे असलेल्या माणसाला पद्धत नको असते, चावी हवी असते, आणि इथे चावी दोन वर्षे उशिरा मिळाली.

जिथे जमले, आणि जिथे कारखानेच बुडाले

या एका प्रकरणावरून पद्धतीलाच निकालात काढणे चुकीचे ठरेल. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनमध्ये २०२० साली ४४ आणि ३८ मजल्यांच्या जोडइमारती पुऱ्या झाल्या: ५४६ घरे, १,५२६ पेट्या. तिथे मधला गाभा काँक्रीटचा होता, पेट्या त्याला टेकलेल्या; आणि ठेकेदार व कारखाना एकाच समूहाचे. चुकीचे बिल कुठेही गेले तरी एकाच घरात. न्यूयॉर्कमध्येच बॉवरी रस्त्यावर सिटीझनएम हॉटेल उभे राहिले. त्याच्या २१० पेट्या पोलंडमध्ये बनल्या आणि जहाजाने आल्या. जहाजाचे भाडे भरूनही परवडले, कारण हॉटेलच्या खोल्या एकसारख्या असतात. हॉटेल, वसतिगृह, इस्पितळाचे वॉर्ड, कामगारांची निवासे: पेटीचे अर्थशास्त्र या ठिकाणी बसते.

उलट बाजूही तितकीच ठळक. २०१५ मध्ये सुरू झालेली, गुंतवणूकदारांचे अब्जावधी डॉलर घेतलेली अमेरिकेतली कटेरा कंपनी जून २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमध्ये लीगल अँड जनरलने आपला घरांचा कारखाना मे २०२३ मध्ये थांबवला, पाठोपाठ जूनमध्ये इल्के होम्स बुडाली. साईटवरच्या ठेकेदाराला मंदीत माणसे कमी करता येतात. कारखान्याचे भाडे, यंत्रांचे हप्ते आणि कायम कामगार मंदीतही चालू राहतात. ऑर्डर सलग आल्या तरच तो जगतो, आणि घरांच्या धंद्यात ऑर्डर कधीच सलग येत नाहीत.

चार गोष्टी एका नावाखाली

अमेरिकेत मॉड्युलर घर आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड’ घर या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅन्युफॅक्चर्ड घर, जुन्या भाषेत मोबाइल होम, लोखंडी चाकाच्या सांगाड्यावरच बांधले जाते आणि त्याला १५ जून १९७६ पासून लागू झालेला केंद्र सरकारचा एकच नियम लागतो. मॉड्युलर घराला त्या गावचा बांधकाम नियम लागतो, तोच जो शेजारच्या साध्या घराला लागतो. ते कायमच्या पायावर बसते आणि कर्जही त्याच प्रकारचे मिळते. दोन्ही कारखान्यात बनतात, दोन्ही ट्रकवरून येतात, पण पुनर्विक्रीच्या वेळी किमतीचा फरक मोठा असतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कोणी अशा घराचा विचार करत असेल, तर कागदावर यांतले कोणते आहे ते आधी पाहावे.

आपल्याकडे गोंधळ निराळा आहे. ‘प्रीफॅब’ या एका शब्दात चार गोष्टी भरल्या जातात. सिडकोने २०२२ मध्ये नवी मुंबईत बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत उभी केली, ती प्रीकास्ट होती: भिंती-स्लॅबचे काँक्रीटचे सुटे तुकडे कारखान्यात ओतून साईटवर जोडलेले. तो मॉड्युलरचा चुलत भाऊ म्हणावा लागेल, पेटी नव्हे. पेटीच्या जवळ जाणारे आपले मोठे उदाहरण म्हणजे रांची. १ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधानांनी सहा शहरांतल्या ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांची पायाभरणी केली, त्यांतल्या रांचीच्या १,००८ घरांसाठी काँक्रीटच्या पूर्ण खोल्या ओतून रचायचे तंत्र निवडले होते. मुदत बारा महिन्यांची होती. ती पाळली गेली नाही. तिसरा प्रकार पोलादी फ्रेमवर पॅनेल ठोकलेले फार्महाऊस, आणि चौथा जहाजाच्या कंटेनरचे घर. मुळशी, कर्जत, अलिबागच्या बाजूला दिसणारी बहुतेक ‘मॉड्युलर’ घरे या शेवटच्या दोहोंपैकी असतात.

कंटेनरचे घर आठ फूटच रुंद का असते, याचे उत्तर रस्त्यावर आहे. आपल्या मोटार वाहन नियमांनुसार गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साडेआठ फूट. त्याहून रुंद पेटी न्यायची तर खास परवानगी, पुढे-मागे पायलट गाडी, आणि घाटात रात्रीची वाट पाहणे. दहा बाय बाराची साधी खोलीसुद्धा पूर्ण पेटी म्हणून ट्रकवर सहज मावत नाही. ब्रुकलिनमध्ये कारखाना दोन-तीन किलोमीटरवर होता म्हणून हा प्रश्न सुटला. चाकणचा कारखाना आणि गुहागरचा प्लॉट असेल तर वाहतुकीचे दरपत्रक घराच्या दरपत्रकाइतकेच बारकाईने वाचावे लागेल. शिवाय शेवटच्या दोनशे मीटरवर क्रेन उभी राहते का, आणि मधली विजेची तार किती उंचीवर आहे, हेही.

मजुरीचा फरकही उलटा पडतो. न्यूयॉर्कमध्ये कारखाना परवडेल असे वाटले, कारण साईटवरची मजुरी प्रचंड होती. कोकणात किंवा मराठवाड्यात गवंडी आणि बिगारी यांच्या मजुरीतून वाचणारी रक्कम क्रेन, ट्रेलर आणि जादा पोलाद यांत सहज निघून जाते. इथे मॉड्युलरचा फायदा पैशापेक्षा वेळेचा आणि कटकटीचा आहे: मालक पुण्यात, प्लॉट गावाला, पावसाळ्यापूर्वी काम संपवायचे, मुकादमावर लक्ष ठेवायला कोणी नाही. अशा माणसाने थोडे जास्त पैसे देऊन पेटी घेणे समजण्यासारखे आहे. ‘स्वस्त पडते’ म्हणून घेत असेल तर त्याने त्याच चौरस फुटांचा स्थानिक ठेकेदाराचा दर आधी लिहून घ्यावा, पाया, सेप्टिक टाकी आणि वीजजोडणी दोन्हीकडे सारखी धरून.

‘हे हलवता येते, म्हणून परवानगी लागत नाही’ असे सांगणारा विक्रेता भेटला तर ग्रामपंचायत किंवा नियोजन प्राधिकरणाकडून स्वतः लेखी उत्तर आणावे. जमीन बिनशेती आहे का, हा प्रश्न पेटीलाही सुटत नाही आणि विटेच्या घरालाही. बँकही कर्ज देताना आधी जमिनीचे कागद आणि मंजूर नकाशा पाहते, भिंत कशाची आहे ते नंतर.

करारात दोन गोष्टी मात्र विटेच्या घरापेक्षा वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. एक, पैशाचे हप्ते. साईटवर जोते, स्लॅब, प्लास्टर असे टप्पे डोळ्यांना दिसतात आणि त्याप्रमाणे पैसे सुटतात. कारखान्यात बहुतेक पैसे पेटी प्लॉटवर येण्यापूर्वीच जातात, म्हणून मधल्या टप्प्यावर कारखान्यात जाऊन पाहण्याचा हक्क आणि शेवटचा मोठा हप्ता पेटी बसून पाण्याची चाचणी झाल्यावरच देण्याची अट हवी. दोन, सांधा. पेटी कारखान्याची, पाया स्थानिक ठेकेदाराचा, क्रेन तिसऱ्याची; पहिल्या पावसात दोन पेट्यांच्या मधून पाणी आले तर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतील. त्या सांध्याची जबाबदारी एकाच्याच नावावर, निदान दोन पावसाळ्यांसाठी, ॲडव्हान्स देण्यापूर्वी लिहून घ्यावी.